नर्सबाईंनी पैसे खाल्ले नाहीत

आमच्या गावात आज जे पंचविशी-तिशीत आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या कानावर या जगातला पहिला आवाज पडला तो शिव्यांचा. बाळाला उलटं धरून पाठीवर चापट्या मारता मारताच नर्सबाई दाराबाहेरच्या पुरुषांना फैलावर घ्यायच्या. "पाणी तापवा म्हणलं तर बिड्या फुकत बसलेत! आता पेढे वाटायला पळतील. पेढ्याला पैसे हायेत, बाळंतिणीच्या खारकेला न्हाईत!" तेवढ्यात बाळ रडायचं. त्या म्हणायच्या, "रड बाबा, रड. असला बाप बघून कुणीबी रडंल."

याच पोरांपैकी एकाच्या लग्नात गेल्या महिन्यात मी जेवायला बसलो होतो. पंगतीत जुन्या गोष्टी निघाल्या. एक जण म्हणाला, "ती नर्स होती बघा. हाली रुपये बदलून आणते म्हणून बायकांचे पैसे नेले अन् खाऊन टाकले." सगळे हसले. "लई डांबिस बाई," दुसऱ्यानं भर घातली. हा दुसरा पायाळू. नर्सबाईंनी त्याला आणि त्याच्या आईला अक्षरशः मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. हे त्या पंगतीत फक्त मला माहीत होतं. वाढप्यानं जिलेबी वाढली, ती मी खाल्ली.

घरी आलो आणि स्वतःचाच असा संताप आला की दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. नर्सबाईंनी कुणाचा एक पैसा खाल्लेला नाही. खाल्ला कुणी, तेही मला ठाऊक आहे. पण आधी बाई कशा होत्या ते सांगतो.

त्यांचं नाव गिरजाबाई. निजामाचं राज्य गेलं, नवं सरकार आलं, तेरच्या अलीकडं तेरणेकाठी असलेल्या आमच्या गावाला दवाखाना मिळाला आणि दवाखान्याबरोबर या मिळाल्या. डॉक्टर उस्मानाबादेहून आठवड्यातून एकदा यायचे. पावसाळ्यात तेही नाही. त्यामुळं दवाखाना म्हणजे नर्सबाईच. बुटकी, रुंद बांध्याची, सावळी बाई. पांढरं लुगडं, हातात कातडी पिशवी. पिशवीत कात्री, आयोडीन, कापूस, आणि स्वतःचा पितळी पेला. एका मोठ्या घरच्या सासूबाईंनी मानभावीपणानं विचारलं, "पेला कशाला गं आणतीस संगं?" बाई म्हणाल्या, "तुमचा पेला बाटू नये म्हणून. अन् माझाबी." पुढं त्या घरात त्यांना कुणी काही विचारलं नाही.

अंगावर सोन्याचा डाग म्हणून नव्हता, पण पायात कायम उत्तम चामड्याच्या चपला. नव्या चपला आणल्या की बायका कुजबुजायच्या, दुसऱ्याला काटकसर शिकवते आणि बघा! बाई ऐकवायच्या, "मी पायावर कमावते, म्हणून पायावर खर्चते. तू कशावर कमावतीस? हातावर? मग हाताला तेल लाव, बांगड्या कशाला भरतीस ढीगभर?" बोलणं असं. सल्ला म्हणावा तर भांडण वाटायचं, भांडण म्हणावं तर त्यात सल्ला असायचा.

आणि सल्ला पैशाचाच असायचा. आजारावर त्या थोडं बोलायच्या. म्हणायच्या, "निम्मे आजार पैशाचे हायेत. आयोडीन लावून बरे व्हत न्हाईत." सुगीत जवारी स्वस्त असते तेव्हा पोटाला चिमटा घेऊन वर्षाची भरा; दुकानातून उधारीवर शेर-शेर आणाल तर एका वर्षात दोन वर्षांची जवारी खाल. पगार हातात पडला की आधी पोस्टात टाका, उरलेल्यात भागवा. आधी भागवून उरलेलं टाकू म्हणाल तर काही उरत नाही. डाग करायचा तर साधा, जाड करा. नक्षीचे पैसे सोनाराला जातात आणि मोडताना परत येत नाहीत. आणि सगळ्यांत वर हे: "बाईचा पैसा बाईच्या नावावर. नवऱ्याच्या नावावर टाकला तर तो नवऱ्याचा खिसा झाला."

हे मी इतकं ऐकलं, कारण मी त्या वेळी गावच्या पोस्टात कारकून होतो. नुकताच चिकटलेला, बिनलग्नाचा. दवाखाना आणि पोस्ट शेजारी-शेजारी. मला त्या 'बाबू' म्हणायच्या.

लिंबाजी नावाचा आडतीवरचा हमाल होता. पोरींच्या पाठीवर मुलगा झाला म्हणून त्यानं आडत्याकडून उचल घेतली आणि बारशाला अख्खी गल्ली जेवायला घातली. नर्सबाईंना मानानं बोलावणं होतं. त्या आल्या, चुलवणाजवळ उभ्या राहिल्या आणि भर मांडवात म्हणाल्या, "लिंबाजी, उचल कितीची?"

"असू द्या की बाई आजच्या दिवशी."

"आज न्हाई तर कवा? पुढच्या दिवाळीपतोर अर्ध्या मजुरीवर पोती उचलणार तू. पोराचं नाव ठेवलंस, पर त्याच्या दुधाचं काय ठेवलंस?"

लिंबाजी चांगला माणूस, पण चारचौघांत अपमान झालेला. तो उसळून म्हणाला, "तुमच्या मागं हाय कोण खायला? तुमाला काय कळतंय पोराबाळांचं!"

बाई विधवा होत्या. मूलही गेलेलं, असं म्हणत. त्यांनी पिशवी उचलली. म्हणाल्या, "मला लई कळतंय. माझं पोर गेलं तवा मी चाळीस लोकांना सासऱ्याच्या तेराव्याचं जेवण घालून मोकळी झाले होते. दवाईला पैसा न्हवता." आणि न जेवता निघून गेल्या.

त्या वेळी मला बाईंचा राग आला होता. काय गरज होती, भरल्या मांडवात? पण पुढच्या पगाराला लिंबाजी पोस्टाच्या खिडकीशी आला आणि पोराच्या नावानं खातं उघडून गेला. बाईंशी तो वर्षभर बोलला नाही. खातं मात्र त्यानं मोडलं नाही.

मग हाली बंद व्हायची वेळ आली.

नव्या वाचणाऱ्यांना हे सांगावं लागेल. निजामाच्या राज्यात आमच्याकडं निजामाचा रुपया चालायचा, हाली. त्यावर चारमिनार. हिंदुस्थानचा रुपया तो कलदार. विलीनीकरणानंतर काही वर्षं दोन्ही चालले, मग सरकारनं सांगितलं की हाली आता बंद होणार, मुदतीच्या आत बदलून घ्या. सात हाली दिले की सहा कलदार.

गावानं याचा अर्थ एकच काढला: रुपयामागं सरकार लुटतंय. सात द्यायचे आणि सहा घ्यायचे, असला व्यवहार वेड्यानं करावा! पुरुषांनी कुरकुरत का होईना, उस्मानाबादेला खजिन्यात जाऊन बदलून आणले. पण बायकांकडं जे होतं त्याचा पत्ता कुणालाच नव्हता. कणगीच्या तळाशी, उतरंडीत, चुलीमागच्या कोनाड्यात लिंपून ठेवलेलं. दुधाचे, तुपाचे, शेण्यांचे, माहेरहून आलेले, सासूच्या नजरेआडचे. बदलायचे तर ते बाहेर काढावे लागणार, आणि बाहेर काढले की ते नवऱ्याचे. म्हणून त्या काढत नव्हत्या. नर्सबाईंना मात्र घराघरातली ठिकाणं माहीत होती. बाळंतपणात घाबरलेल्या बायका आधी तेच सांगायच्या: मी मेले तर अमुक कोनाडा फोडा, पोरीला द्या.

भागाबाई म्हणून एक म्हातारी होती, बायकांत तिचा शब्द चालायचा. तिनं बाईंना ठणकावलं, "सातातला एक सरकारला वाहू व्हय? मी न्हाई देत."

बाईंनी तिच्याच अंगणात दोन मापं मागवली, एक घरातलं लहान, एक आडतीवरचं मोठं. लहान मापानं सात वेळा जवारी ओतली. मग तीच जवारी मोठ्या मापानं मोजली. सहा भरली. "आता सांग म्हातारे, जवारी कमी झाली का?"

भागाबाई ढिगाकडं बघत राहिली. "मापच मोठं हाय की."

"मंग कलदारबी मोठा हाय! त्याच्यात मावतंय जास्त. डोळे फोडून बघ!"

भागाबाईचं चुलीमागं पुरलेलं नाण्यांचं गाडगं मात्र लगेच निघालं नाही. ती म्हणाली, "आधी दुसरीचं व्हऊ दे, मंग बघू."

दुसरी म्हणजे माझी वहिनी.

माझा थोरला भाऊ, दादा, गावच्या शाळेत मास्तर होता. त्यानं मला शिकवलं, नोकरीला लावलं. वहिनी घरकाम उरकून शेजारपाजारच्या चोळ्या हातानं शिवून द्यायची. आण्या-दोन आण्यांचं काम. दादाला वाटायचं, फावल्या वेळातला छंद. त्या आण्यांच्या नोटा करून तिनं त्या आपल्याच गोधडीच्या दोन थरांत शिवून ठेवल्या होत्या, वर्षानुवर्षं. तिला शिवणयंत्र घ्यायचं होतं. यंत्रावर बसली तर दिवसाला कितीतरी चोळ्या, आणि मुलीला पुढं उस्मानाबादेला शिकायला ठेवता येईल, असा तिचा हिशेब होता. हे सगळं ती नर्सबाईंशी बोलली होती. आमच्यापैकी कुणाशी नाही.

बाई गोधडीतल्या नोटा घेऊन बसनं उस्मानाबादेला गेल्या, कलदार घेऊन आल्या आणि वहिनीला घेऊन माझ्या खिडकीशी उभ्या राहिल्या. "बघत काय बसलास बाबू? खातं उघड. तिच्या नावावर. अन् अंगठा न्हाई, सही करणार हाय ती." सही बाईंनीच शिकवली होती, दवाखान्याच्या फरशीवर कोळशानं गिरवून. वहिनीनं सही केली. मग पदरानं तोंड झाकून हसली. तिला लग्नानंतर मी असं हसताना पाहिलं नव्हतं. जाताना म्हणाली, "भावजी, ह्यांना एवढ्यात सांगू नका हं. यंत्र आणलं की मीच सांगणार."

"छे, वहिनी," मी म्हणालो.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. मुलीकडचे बार्शीचे, जरा थाटाचे लोक. त्यांनी सहज म्हटलं, वरातीला बँड असेलच. दादा घरी येऊन डोकं धरून बसला. शाळेचा पगार थकलेला. "बँड कुठनं आणू? राहू दे, सनई लावू." मी त्याच्यासमोर ताटावर बसलो होतो. वहिनी विहिरीवर गेली होती. आणि मी म्हणालो, "वहिनीकडं आहेत की पैसे. पोस्टात."

जीभ घसरली, असं मी स्वतःला कैक वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. मला बँड पाहिजे होता. बार्शीकरांसमोर आपली सनई वाजणार याची मला लाज वाटत होती. शब्द उच्चारताना मला पूर्ण कळत होतं मी काय करतो आहे. एवढंही कळत होतं की दादा रागावणार नाही, हसेल.

दादा हसला. वहिनी आल्यावर तिला म्हणाला, "अगं, तू तर सावकारीण निघालीस!" हातही उगारला नाही त्यानं, आवाजही चढवला नाही. सुशिक्षित माणूस. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन खिडकीशी आला. वहिनीनं पैसे काढायच्या कागदावर सही केली, अक्षर न् अक्षर नीट. मी तिच्या हातात नोटा ठेवल्या, तिनं त्या शेजारी उभ्या असलेल्या दादाच्या हातात दिल्या. मला म्हणता आलं असतं, आज शिल्लक नाही, शिक्का नाही, उद्या या. काहीही. मी नोटा देताना थुंकी लावून मोजल्या.

आठ दिवसांत गावातल्या सगळ्या बायकांना एकच कळलं: नर्सबाईकडं दिलेलं नवऱ्याला कळतं. भागाबाईचं गाडगं चुलीमागंच राहिलं. जिथं जिथं कोनाडे फुटायच्या बेतात होते तिथं पुन्हा माती लिंपली गेली. बाई घरोघर गेल्या, पण समजूत घालणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. दारात उभ्या राहून ओरडायच्या, "मरा मंग! नोटा चाटत बसा!" दारं लागली. बाई थोडं गोड बोलल्या असत्या तर—असं लिहिणार होतो. पुन्हा त्यांच्यावरच ढकलायला निघालो. नाही. दारं लावली मी.

मग एक दिवस त्या पोस्टात आल्या. "बाबू, मास्तराला कुणी सांगितलं?"

"मला काय माहीत, नर्सबाई. बायकांच्या पोटात काही राहतं का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, नुसतं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

वरातीत बँड होता. मी घोड्यावर. दवाखान्यासमोर बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि बँडवाल्याला म्हणाल्या, "वाजव, जोरात वाजव! शिवणयंत्राचा आवाज हाय ह्यो, ऐकू दे गावाला!" बँडवाल्याला काही कळलं नाही, त्यानं वाजवायचं थांबवलं. दादानं हात जोडले, "बाई, शुभकार्य आहे." "व्हय मास्तर, तुमचं शुभ अन् तिचं कार्य!" लोकांनी त्यांना बाजूला नेलं. माझ्या तोंडावर मुंडावळ्या होत्या. त्यांच्या आड मी खाली बघत होतो. करवल्यांत वहिनी होती. तिच्या हातातला दिवा हलत नव्हता.

मुदत संपली. हाली गेला. भागाबाईनं गाडग्यातली नाणी शेवटी कासाराला धातूच्या भावानं घातली. नोटांना तोही भाव नव्हता. आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. नवऱ्यांनी विचारलं, दुधाचे एवढ्या वर्षांचे पैसे कुठायत? नोटा कोनाड्यात कुजवल्या, असं कोण सांगणार? एकीनं सांगितलं, नर्सबाईकडं दिले होते. मग दुसरीनं, मग तिसरीनं. ज्या बायकांनी एक पैसाही दिला नव्हता त्यांचेही पैसे बाईंनी खाल्ले. त्या बायकांना मी दोष देत नाही. मार चुकवायला माणूस काहीही बोलतो. पण मी पोस्टात होतो. कुणाचं खातं उघडलं, कुणाचं उघडलं नाही, हे सगळ्या गावात मला एकट्याला माहीत होतं. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द बोललो असतो की पुढचा प्रश्न आला असता: मग मास्तराला कुणी सांगितलं?

एवढं सगळं होऊन अडलेल्या बाईला बोलवायचं तर नर्सबाईंनाच. चोर म्हणायचं आणि अर्ध्या रात्री बैलगाडी पाठवायची. त्या येत. माझ्या थोरल्या मुलीलाही त्यांनीच आणलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "पोरगी हाय. तिच्या नावानं खातं उघड. अन् त्या खात्याची खबर कुणाला देऊ नको." इतकंच. म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

वहिनीनं यंत्र कधी घेतलं नाही. दादाची मुलगी गावची शाळा संपल्यावर घरी बसली. वहिनी आजही हातानंच शिवते, चष्मा लावून. मला अजून भावजी म्हणते, चहा आणून देते. दादाही आहे. हे छापून आलं की दोघांना समोर बसवून मोठ्यानं वाचणार आहे. तिनं पुढं काय करायचं ते तिचं ती ठरवील.

नर्सबाईंची बदली झाली तेव्हा निरोप द्यायला गावातलं कुणी गेलं नाही. मी गेलो. बस तेरहून यायची होती. बाई ट्रंकेवर बसल्या होत्या. आसपास कुणी नाही असं पाहून मी म्हणालो, "नर्सबाई, दादाला मी सांगितलं होतं." आणि मला रडू आलं. खरंच आलं. मला वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे बाबा, झालं गेलं.

त्या उठून उभ्या राहिल्या. "मला कशापायी सांगतोस? माझं काय गेलं? नाव गेलं, ते मी दुसऱ्या गावाला नवं करीन. तिला सांगितलंस?"

"नाही."

"भागाबाईला? त्या बाकीच्यांना?"

मी मान हलवली.

"मंग इथं रडू नको. तुझं रडू ठेवून घ्यायला मी काय पोस्ट हाय?"

बस आली. ट्रंक मी उचलायला गेलो, त्यांनी हात झटकला आणि कंडक्टरला हाक मारली. खिडकीशी एक कोवळी पोर बसली होती, मांडीवर तान्हं, सासरी निघालेली असावी. बाई तिच्या शेजारी बसल्या. मी खिडकीखाली उभा होतो, त्यांनी वर-खाली कुठंच पाहिलं नाही. बस हलली तेव्हा त्या पोरीवर ओरडताना मला ऐकू आल्या: "आईनं दिलेले पैसे कुठं ठेवलेस? पदराच्या गाठीला? अगं येडे, अख्ख्या गाडीला दिसतीया गाठ! सही येती का तुला?"